ससा धुऊ नका, त्याची जागा धुवा



ऊस विकास खात्याच्या माणसाने बेणे, लागण, खत, पाणी, खोडवा यांवर लिहावे. सशावर त्याने काय म्हणून लिहावे, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्त आहे. पण गटागटांतून फिरताना गेली काही वर्षे एक गोष्ट वारंवार आमच्या नजरेस येते. गोठ्याच्या कडेला, परसात, नाहीतर जिन्याखाली एक पिंजरा असतो आणि त्यात लाल डोळ्यांचा पांढराशुभ्र ससा. पोरांनी जत्रेतून किंवा तालुक्याच्या बाजारातून हट्ट करून आणलेला. ऊस नोंदीच्या वेळी गेलो तर असतो, तोडीच्या वेळी गेलो तर पिंजरा रिकामा. विचारले की उत्तरे ठरलेली. "काय झालं कळलंच नाही साहेब. घाण झाला होता म्हणून साबणानं धुतला, दुसऱ्या दिवशी गेला." दुसऱ्या घरी, "पावसाळ्यात मागं किडं पडलं." तिसऱ्या घरी, "ऊस काय झकास खायचा! एकाएकी पोट फुगलं बघा."

यातला एकही ससा उपाशी ठेवून मारलेला नाही. सगळे मायेने मेलेले आहेत. आपल्याला जे स्वच्छ वाटते ते सशाला लावले आणि आपल्याला जे गोड लागते ते सशाला चारले, एवढेच घडले. शिवाय या प्रकरणात ऊस आला, गूळ आला, पाचट आले, चिपाड आले, तणनाशकही आले. म्हणजे अर्धा विषय आमच्या खात्याचाच झाला. म्हणून हा लेख. आम्ही जनावरांचे डॉक्टर नव्हे, तेव्हा औषधांचे डोस येथे मिळणार नाहीत. सशाची जागा कोरडी कशी राहील आणि ससा स्वच्छ कसा राहील, एवढेच सांगायचे आहे.

आधी ससा कोणता ते पाहा

आपल्या उसात, माळावर, हरभऱ्याच्या रानात दिसतो तो करड्या-तांबूस रंगाचा, मानेवर काळा पट्टा असलेला रानससा. पिंजऱ्यातला पांढरा ससा त्याच्या घराण्यातला असला तरी त्याची जात वेगळी. पाळीव सशाचे मूळ युरोपातले, बीळ करून राहणारे. त्याची पिल्ले जन्मतात ती उघडी, आंधळी, आईने स्वतःचे केस उपटून केलेल्या गादीवर. रानसशीण बीळ करीत नाही. तिचे पिल्लू अंगभर केस घेऊन, डोळे उघडे ठेवूनच जन्मते आणि गवतात गप्प बसून राहते. आई दिवसभर लांब असते, अंधार पडल्यावर एकदा येऊन पाजून जाते.

तोडीच्या हंगामात हे पिल्लू सापडले की लोकांना वाटते, आईने टाकले. टाकलेले नसते. पोरे ते शर्टात घालून घरी आणतात, गाईचे दूध पाजतात आणि चार दिवसांत ते मरते. रानससा धरणे, पाळणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, तेही लक्षात ठेवावे. जुन्नर भागात ऊसतोडीत सापडलेली बिबट्याची पिल्ले वन खाते पुन्हा त्याच रानात ठेवते आणि रात्री मादी येऊन ती घेऊन जाते. सशाच्या पिल्लाचाही न्याय तोच. फड तुटून गेला असेल तर जवळच्या बांधाला, गवताच्या आडोशाला ठेवावे आणि कुत्री तेवढी लांब हाकलावीत. पुढे जे लिहिले आहे ते सर्व पाळीव सशाबद्दल आहे.

आंघोळ कशासाठी?

ससा हा मांजरासारखा स्वतःचे अंग स्वतः साफ करणारा प्राणी आहे. पुढचे पाय चाटून तोंड पुसतो, कान खाली ओढून चाटतो, पाठ, पोट, शेपूट सगळे करतो. निरोगी सशाच्या अंगाला वास येत नाही. वास येतो तो पिंजऱ्याचा. आपण पिंजरा तसाच ठेवून ससा धुतो, आणि धुतलेला ससा परत त्याच ओलीवर नेऊन बसवतो.

सशाच्या अंगावर वरचे केस आणि त्याखाली दाट मऊ लव असते. ही लव एकदा पाण्याने भिजली की लवकर वाळत नाही. वरून पुसलेला ससा कोरडा दिसतो, आत कातडीजवळ ओलच असते. मग गारठा बसतो. त्याहून मोठा धोका भीतीचा. ससा हा शिकार होणारा प्राणी. बादलीत धरला की त्याला जीव जातोय असेच वाटते. तो मागच्या पायांनी जिवाच्या आकांताने झाडतो. सशाचे मागचे पाय भारी ताकदीचे, पण हाडे हलकी. त्या झटक्यात त्याचा त्यालाच पाठीचा कणा मोडून घेता येतो. मागचा भाग लुळा पडलेला ससा बरा होणे अवघड. काही ससे नुसत्या धसक्यानेच जातात.

तेव्हा आंघोळ नाही. ना साबणाची, ना शाम्पूची, ना शिकेकाईची. पाय किंवा शेपटाखालचा भाग लेंड्यांनी बरबटला असेल तर तेवढाच भाग कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने मऊ करून पुसावा आणि लगेच कोरड्या पंचाने टिपून टिपून वाळवावा. घाण थोडी असेल तर पाणीही नको. मक्याचे पांढरे पीठ, ज्याला दुकानात कॉर्नफ्लोअर म्हणतात, ते चोळून बारीक फणीने झाडले की सुटते. चेहऱ्याला लावायची सुगंधी पावडर मात्र वापरू नये, ती नाकात जाते आणि ससा चाटून पोटातही घेतो.

केस गळायच्या दिवसांत एक दिवसाआड मऊ ब्रशने अंग विंचरावे. ससा चाटताना गळलेले केस गिळतो आणि त्याला माणसासारखी किंवा मांजरासारखी उलटी करता येत नाही. गेलेले केस पुढेच सरकावे लागतात. पोटात गवत भरपूर असेल तर सरकतात, नसेल तर अडतात. लांब केसांचा अंगोरा ससा आपल्या हवामानात पाळूच नये असे आमचे स्पष्ट मत आहे. तो हिमाचलसारख्या थंड मुलखाचा प्राणी. येथे तो उन्हाळ्यात हैराण होतो आणि त्याच्या केसांच्या जटा सोडवता सोडवता घरची माणसे हैराण होतात.

धरताना कान धरून उचलू नये. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि अंगाशी घट्ट.

युरियाचे गणित पिंजऱ्यातही

सभासदांना आम्ही नेहमी सांगतो, युरिया उघड्यावर फेकू नका, मातीआड करा. का? ओलीत त्याचा अमोनिया होतो आणि तुमचे पैसे हवेत उडून जातात. सशाच्या लघवीतही युरियाच असतो. ओल्या पिंजऱ्यात, कुजक्या अंथरुणात त्याचा तसाच अमोनिया होतो. शेतात तो उडून तरी जातो. बंद पिंजऱ्यात तो सशाच्या नाकापाशी राहतो, आणि सशाचे नाक त्या ओलीपासून चार बोटांवर असते. चोवीस तास हा वास ओढून नाकाची आतली त्वचा दुखावते, आणि मग नाकातले रोगजंतू जोर धरतात. ससा शिंकायला लागतो, नाकातून पांढरा शेंबूड येतो. पुष्कळदा शेंबूड दिसतही नाही, कारण ससा तो पुढच्या पायांनी पुसतो. म्हणून पुढच्या पायांची आतली बाजू पाहावी. तेथले केस चिकट, गुंतलेले दिसले तर नाक वाहते आहे असे समजावे आणि डॉक्टर गाठावा.

पिंजरा स्वच्छ आहे की नाही याची सोपी परीक्षा आहे. पिंजऱ्यापुढे उकिडवे बसावे, आपले नाक सशाच्या नाकाच्या उंचीला न्यावे आणि चार श्वास घ्यावेत. डोळे चुरचुरले तर पिंजरा घाण आहे, मग तो उभ्याने पाहताना कितीही झकपक दिसो.

पिंजरा करायचाच असेल तर एका सशाला निदान ४ फूट लांब, २ फूट रुंद आणि मागच्या पायांवर उभे राहता येईल इतका उंच करावा, जमिनीपासून वर. उंदीर, घूस, साप, कुत्रे यांचा बंदोबस्त हवा. तळाला पूर्ण जाळी घालायची पद्धत आहे. लेंड्या खाली पडतात, साफसफाई सोपी. पण सशाच्या तळपायाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात. तारेवर सतत बसून टाचेचे केस झिजतात, कातडी सोलते, तेथे जखम होते आणि घाणीत ती पिकते. म्हणून निम्म्याहून जास्त जागेत गुळगुळीत फळी टाकावी. फळ्या दोन कराव्यात. एक पिंजऱ्यात, दुसरी धुऊन उन्हात. ही दोन फळ्यांची युक्ती एका सभासद भगिनींनी आम्हांला दाखवली. आम्ही पाहिलेल्यांत सगळ्यात चांगला ठेवलेला पिंजरा त्यांचाच.

ससा लघवीला बहुधा एकच कोपरा धरतो. हा त्याचा मोठा गुण आहे आणि त्याचा फायदा घ्यावा. चार दिवस कोपरा पाहून ठेवावा, तेथे उथळ घमेले किंवा जुना ट्रे ठेवावा, खाली वर्तमानपत्राच्या घड्या, वर वाळले गवत. गवत खाता खाता तो तेथेच बसतो. मग रोज सकाळी पिंजरा धुवायचा नाही, फक्त ट्रे उचलून मोकळा करायचा. दहा मिनिटांचे काम.

रोजच का, असे विचारणारे भेटतात. कोंबडीपालन केलेल्यांना 'कॉक्सी' ठाऊक आहे. सशाचीही कॉक्सी असते. जंतू वेगळा, रीत तीच. रोगट सशाच्या लेंडीतून जंतूची अंडी बाहेर पडतात, पण ती पडल्या पडल्या रोग करीत नाहीत. ओल, ऊब आणि हवा मिळाली की दोनेक दिवसांत ती पिकतात, आणि मग पोटात गेली तर हगवण लावतात. लहान ससे यात पटापट मरतात. म्हणजे लेंडी रोजच्या रोज उचलली तर अंडी पिकायच्या आत बाहेर जातात. दर रविवारी एकदा घसघसून धुणाऱ्याचा पिंजरा शनिवारी सर्वांत धोक्याचा असतो. शिवाय ही अंडी फिनेलला दाद देत नाहीत. ती मरतात उकळत्या पाण्याने आणि कडक उन्हाने वाळून. तेव्हा आठवड्यातून एकदा ससा दुसरीकडे ठेवून फळी, ट्रे, जाळी घासावी, वर उकळते पाणी ओतावे आणि खडखडीत वाळू द्यावी.

ट्रेच्या तळाशी पांढरा कडक थर धरतो. तो चुन्याच्या क्षाराचा. जादा चुना ससा लघवीवाटे टाकतो. कारखान्यात इव्हॅपोरेटरच्या नळ्यांना क्षार चढतो त्याच्याच जातीचा. नखाने खरवडून तो निघत नाही. व्हिनेगर ओतून अर्धा तास ठेवावे, मग निघतो. मात्र व्हिनेगर आणि ब्लिचिंग पावडर कधीही एकत्र करू नये, आणि लघवीने भिजलेल्या ट्रेवर ब्लिचिंगचे पाणी टाकू नये. दोन्हीतून विषारी वायू निघतो. ब्लिचिंग वापरायचे तर ट्रे आधी साध्या पाण्याने स्वच्छ धुऊन मगच.

आणखी एक. लघवी कधी पिवळी, कधी गढूळ पांढरी, कधी तांबडी दिसते. पाल्यातल्या रंगामुळे असे होते. तांबडी दिसली म्हणजे रक्तच असे नाही. ससा खात-पीत असेल आणि कुंथत नसेल तर एक दिवस वाट पाहावी. रक्ताचा ठिपका वेगळा ओळखू येतो.

पाचट, चिपाड आणि अंथरूण

घरचेच आहे म्हणून पाचट अंथरायची चाल दिसते. पाचटाच्या पात्याची कड करवतीसारखी असते हे तोड करणाऱ्यांना सांगायला नको. सशाच्या डोळ्यांना आणि पायांना ती लागते. पाचट सरीतच ठेवावे, तेथेच त्याचे सोने होते. चिपाडाचे तर त्याहून वाईट. साठवलेल्या चिपाडात बुरशी वाढते आणि तिच्या धुळीने माणसालादेखील छातीचा विकार होतो. साखर उद्योगात त्याला बगॅसोसिस असे नावच आहे. माणसाच्या छातीला जे झेपत नाही ते सशाच्या नाकाखाली अंथरणे बरे नव्हे. सुताराकडचा बारीक भुसाही नको. भाताचे पिंजर किंवा वाळले गवत उत्तम. बुरशीचा वास येणारे, काळे पडलेले मात्र नको.

मागची घाण पुढच्या खाण्यातून येते

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. शेपटाखाली घाण चिकटलेला ससा दिसला की लोक पाण्याकडे धावतात. खरे म्हणजे त्याच्या दावणीकडे पाहायला हवे.

ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. एक नेहमीची, गोल, कोरडी, दिवसाला दोन-तीनशे. दुसरी मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या बारीक घडासारखी. ती बहुधा रात्री किंवा पहाटे येते आणि ससा ती खाली पडू न देता थेट तोंडाने घेऊन खातो. किळस वाटून कोणी त्याला हाकलतात. हाकलू नये. बैल रवंथ करतो तसेच हे आहे. बैलाचे आंबवण्याचे कोठार पोटाच्या पुढच्या भागात, सशाचे मागे आतड्यात. आंबवून तयार झालेला माल आधीच पुढे गेलेला असतो, तो दुसऱ्यांदा खाल्ल्याशिवाय त्यातली प्रथिने आणि ब जीवनसत्त्वे त्याच्या अंगी लागत नाहीत.

या मागच्या कोठारात गवत गेले की सगळे ठीक चालते. साखर, पीठ, दाणा जादा गेला की बिघडते. मऊ लेंड्या पातळ होतात, जास्त होतात, ससा त्या खाऊन संपवत नाही, त्या शेपटाखाली चिकटतात. कधी वायू धरतो आणि पोट फुगते. आणि साखर जाते कशातून? आमच्या तुमच्या घरी ती जाते उसातून आणि गुळातून. उसाचा करवा सोलून सशापुढे धरला की तो कराकरा खातो हे खरे. पोरांना मौज वाटते. पण तो खातो म्हणून ते त्याचे खाणे होत नाही. पोर गोळ्या-बिस्किटे खाते म्हणून आपण त्याला भाकरीऐवजी तीच वाढतो काय? ऊस, गूळ, पोळी, बिस्किट, भात हे सर्व बंद. गाजरसुद्धा बोटभर तुकडा, तोही कधीतरी. चित्रातल्या सशाच्या हाती गाजर असते, आणि पोरांना तेच त्याचे जेवण वाटते.

दिवसाच्या खाण्यात पाऊण हिश्शाहून जास्त वाळलेले गवत असावे. मारवेल, हरळी, डोंगरी गवत, काहीही चालते. सशाचे दात जन्मभर वाढतात, आठवड्याला सुमारे २ मिलिमीटर, आणि ते झिजतात गवताने. दात वाढलेल्या सशाला अंग चाटता येत नाही, लाळ गळून हनुवटी ओली राहते, म्हणजे पुन्हा अस्वच्छता. वर मूठभर हिरवा पाला: मेथी, कोथिंबीर, मुळ्याचा पाला. लसूणघास वाढत्या पिल्लांना ठीक, मोठ्या सशाला थोडा. त्यात चुना जास्त, ट्रेमधला तो पांढरा थर तेथूनच येतो. सुबाभूळ मुळीच नको, त्यातल्या विषाने सशाचे केस गळतात. आणि केस गळले की लोक खरजेचे औषध आणतात!

उसातली हरळी सशाला आवडते, पण ती कोणत्या उसातली? ॲट्राझीन, मेट्रिब्युझिन किंवा टू-फोर-डी मारलेल्या प्लॉटमधले तण सशापुढे टाकू नये, शेजाऱ्याच्या प्लॉटमधले असेल तर आधी विचारून घ्यावे. दीड-दोन किलोचा जीव तो. गाईला जे जाणवणार नाही ते त्याला पुरेसे होते.

पाण्याचे भांडे जड मातीचे असावे, ते रोज घासावे.

श्रावणातल्या माशा

सभासदांच्या घरी सर्वांत जास्त ससे जातात ते पावसाळ्यात, आणि हा भाग घरातल्या सर्वांनी वाचावा अशी विनंती आहे. शेपटाखाली चिकटलेली पातळ लेंडी, ओले केस, दमट हवा, आणि शेजारी गोठा. हिरव्या-निळ्या चकचकीत माशा त्या वासावर येतात आणि केसांत अंडी घालतात. अंडी तिळापेक्षा बारीक, पिवळट पांढरी, गुच्छाने चिकटलेली. उबदार हवेत ती एका दिवसाच्या आत फुटतात. अळ्या घाणीवर थांबत नाहीत, त्या कातडीत शिरतात. सकाळी चांगला दिसलेला ससा दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात मान टाकून बसतो, आणि उलटा करून पाहिले तर मागचा सगळा भाग चाळण झालेला. ससा ओरडत नाही. दुखत असले तरी गप्प बसणे हा त्याचा स्वभाव, म्हणून घरच्यांना कळत नाही.

यावर इलाज एकच: जून ते ऑक्टोबर रोज दोन वेळा, सकाळी आणि दिवे लागणीला, ससा उचलून शेपटाखाली पाहायचा. हे काम घरातल्या एकाच माणसाकडे द्यावे. सगळ्यांचे काम ते कुणाचेच नाही. पिंजऱ्याला बारीक डासजाळी लावावी. पिंजरा उकिरड्यापासून लांब. म्हातारा, लठ्ठ ससा असेल तर जास्त लक्ष, कारण त्याची मान मागे पोहोचत नाही.

अळ्या दिसल्याच तर तो तातडीचा प्रसंग समजावा. बाजाराचा दिवस आहे, उद्या पाहू, असे म्हणू नये. दिसतील तेवढ्या अळ्या चिमट्याने काढाव्यात, आणि त्याच दिवशी जनावरांच्या दवाखान्यात न्यावे. केस कापण्याच्या भानगडीत पडू नये. सशाची कातडी कागदासारखी पातळ, कात्रीने फाटते. बैलाच्या जखमेत किडे पडले की आपल्याकडे टर्पेंटाइन ओततात, डांबर गोळीची पूड भरतात. सशाला हे करू नये. तो चाटणार, आणि विष पोटात जाणार.

औषधे आणि पोरांचे हात

गोचीड, पिसू यांची औषधे प्रत्येक गोठ्यात असतात. कुत्र्याच्या मानेवर टाकायचे फिप्रोनील सशाला मारक आहे. गाई-म्हशींना फवारायचे औषधही त्याच्यावर मारू नये. जुन्या मंडळींना गॅमॅक्झिन पावडर आठवेल. त्या बीएचसीवर १९९७ साली देशात बंदी आली. कुणाच्या माळ्यावर जुना पुडा असला तर तो सशासाठीच काय, कशासाठीही उघडू नये. कानात तपकिरी खपल्यांचा थर दिसला, ससा कान झाडत असला तर ती कानातली खरूज. खपल्या ओढून काढू नयेत, फार दुखते. डॉक्टर सुई देतात, मग त्या आपोआप गळतात. आणि घरातल्या पोराला आणलेले ॲमॉक्सिसिलिनचे उरलेले औषध सशाला पाजू नये. त्याने सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि ससा हगवणीने जातो.

नाकावर, कानावर, पायावर गोल, केस गेलेले, कोंडा सुटलेले चट्टे दिसले तर ते गजकर्ण असू शकते, आणि ते माणसाला लागते. सशाला गालाशी धरणाऱ्या पोरांना आधी. घरात कुणाच्या हातावर नवा चट्टा उठला तर डॉक्टरांना ससा असल्याचे सांगावे. ससा हाताळला की साबणाने हात धुवावेत. सशाची भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत घासू नयेत. तेवढे पाळले तर सशापासून भिण्याचे कारण नाही.

उन्हाळ्याबद्दल थोडक्यात. ३० अंशांच्या वर ससा कासावीस होतो, त्याला घाम येत नाही, कानांतून उष्णता बाहेर टाकतो. अंगावर पाणी ओतू नये. पिंजऱ्याच्या बाहेरून ओले गोणपाट सोडावे, आत गारेगार पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवावी, कान बोटांनी ओले करावेत. नखे महिना-दीड महिन्याने कापावीत. पांढऱ्या नखात आतली लाल शीर दिसते, तिच्या पुढचे टोक तेवढेच.

ससा बारा तास काही खात नसेल, किंवा ट्रेमध्ये लेंड्या पडलेल्या नसतील, तर थांबू नये. रोज ट्रे मोकळा करणाऱ्याला हे पहिल्यांदा कळते. किती लेंड्या, केवढ्या, कोरड्या की ओल्या, हे पाहायची सवय ठेवली तर निम्मे आजार आधीच ध्यानात येतात.

त्या लेंड्या उकिरड्यावर टाकून मोकळे होऊ नये. पाचट कुजायला वेळ लागतो तो त्यात नत्र कमी म्हणून. सशाच्या लेंड्यांत आणि भिजलेल्या पिंजरात ते भरपूर. परसात दोन फुटांचा खड्डा काढून एक थर पाचट, एक थर ट्रेमधला माल, वर माती असे भरत जावे, पाणी मारून वर झाकण ठेवावे म्हणजे माशा होणार नाहीत. चार-पाच महिन्यांनी त्यातले काळे, मोकळे खत वांगी-मिरचीच्या रोपांना घालावे. आजारी सशाच्या पिंजऱ्यातले मात्र खड्ड्यात टाकू नये. ते वेगळे पुरावे.